‘मैत्री’च्या दक्षिणेची पर्वतरांग: बर्फावर आलेले डोंगर कोणी शोधले आणि ते सह्याद्रीचे कोण लागतात?

सडा_आणि_शाळा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. अंटार्क्टिका शिकवायची वेळ आली की ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे, पेंग्विन, ओझोनचा थर आणि अंटार्क्टिक करार एवढ्यावर आमचे भागते. परवा नववीतल्या एका मुलाने नकाशात ‘मैत्री’च्या दक्षिणेला दाखवलेल्या डोंगरांच्या खुणांवर बोट ठेवले आणि विचारले, की या खंडावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे असे तुम्हीच सांगता, तर मग हे डोंगर बर्फाच्या वर कसे आले आणि तिथे जाऊन ते मोजले कोणी? वाचून सांगते, असे म्हणून मी वेळ मारून नेली आहे.

वाचनातून हाती लागले ते असे. या भागाला क्वीन मॉड लँड म्हणतात आणि तिथे किनाऱ्याला साधारण समांतर, पण किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर आत, एक लांबलचक पर्वतरांग आहे. पश्चिमेकडून पाहत गेल्यास हाइमेफ्रंटफ्येला, किर्वानवेगेन, म्युलिग-हॉफमन, ऑर्विन, वोल्टाट आणि सोर रोन्डाने अशी तिच्या निरनिराळ्या भागांची नावे आहेत, आणि ‘मैत्री’ला सर्वांत जवळचा भाग वोल्टाट पर्वताचा आहे. नकाशा पाहताना मला आपली कोकणाची रचनाच आठवली: समुद्र, मग किनारपट्टी, मग सह्याद्रीचा कडा आणि त्यामागे घाटमाथा. ही तुलना वर्गात कुठवर ताणता येईल, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न शोधाच्या इतिहासाचा आहे. काही नावे जर्मन, काही नॉर्वेजियन असा घोळ का आहे आणि आपल्या लोकांचा त्यात वाटा काय? तिसरे म्हणजे, ‘सह्याद्री आणि अंटार्क्टिकातले डोंगर हे एकाच पर्वताचे दोन तुकडे आहेत’ असा एक संदेश पालकांच्या गटात फिरत आहे. त्यात तथ्य किती, हेही जाणकारांनी सांगावे.

गलबत (वास्को)

ताई, मी पूर्वी मोहिमांच्या तांत्रिक चमूत होतो आणि उन्हाळी हंगामात त्या भागात काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. घाटमाथ्याची तुलना बऱ्याच अंशी बसते, म्हणून तीच पुढे नेतो.

जहाज उत्तरेकडून येते आणि बर्फाच्या एका उभ्या कड्याशी थांबते. हा कडा जमिनीचा नसतो, तर समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाचा असतो. त्याला आईस शेल्फ म्हणतात. तो ओलांडून साधारण शंभर किलोमीटर आत गेले की शिरमाखर ओअॅसिस लागते. सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा हा उघड्या खडकाचा पट्टा आहे, त्यात शंभराहून अधिक लहानमोठी तळी आहेत आणि त्यातल्याच एका तळ्याकाठी ‘मैत्री’ उभी आहे. तिच्या दक्षिणेला लगेच बर्फ पुन्हा सुरू होतो आणि चढत जातो. आणखी ऐंशी-शंभर किलोमीटरवर वोल्टाटची शिखरे येतात, ज्यांची उंची समुद्रसपाटीपासून अडीच ते तीन हजार मीटरच्या घरात आहे. या शिखरांच्या पाठीमागे, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, बर्फाची पातळी उत्तरेकडच्या पातळीपेक्षा हजारभर मीटर तरी उंच आहे. हा झाला तिथला घाटमाथा. खंडाच्या पोटातून समुद्राकडे निघालेला बर्फ या रांगेला येऊन अडतो आणि जिथे खिंड सापडेल तिथून हिमनदीच्या रूपाने खाली उतरतो. अशा वाटांपैकी सर्वांत मोठी युटुलस्ट्रॉमेन ही हिमनदी पश्चिमेकडे आहे. तिच्या दरीचा तळ कित्येक ठिकाणी समुद्रसपाटीच्याही बराच खाली आहे.

तुलना मोडते ती इथे: आंबा घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले तर डोंगर पायापासून माथ्यापर्यंत दिसतो, तिथे मात्र डोंगराचे फक्त खांदे आणि माथे दिसतात, बाकीचा देह बर्फाखाली असतो. बर्फातून एकेकटे वर आलेल्या अशा माथ्यांना नुनाटक म्हणतात. तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा यातच आहे. खंडावरच्या बर्फाची जाडी सरासरी दोन किलोमीटर असली तरी ती सगळीकडे सारखी नाही, आणि बर्फाखालची जमीनही सपाट नाही. जिथे जमीनच अडीच-तीन किलोमीटर उंच गेली आहे, तिथे बर्फ तिला पूर्ण झाकू शकत नाही. उरलेला अर्धा उलगडा वाऱ्यात आहे. आतल्या पठारावर हवा गार होऊन जड होते आणि उताराने खाली घसरते. खिंडींतून येताना तिचा वेग इतका वाढतो की पडलेले भुरभुरीत हिम ती झाडून नेते आणि खालचा जुना, कठीण, निळसर बर्फ उघडा पाडते. हवा कोरडी असल्याने हा निळा बर्फ न वितळताच हळूहळू वाफ होऊन उडून जातो. शिवाय काळा खडक उन्हाने तापतो, त्यामुळे त्याच्या कडेला हिम टिकत नाही. असा एकदा उघडा पडलेला खडक सहजासहजी पुन्हा झाकला जात नाही.

वर्गात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. वोल्टाटच्या ग्रुबर भागात हेलिकॉप्टरने उतरलो, तेव्हा पंख्याचा आवाज थांबल्यावर मला वाटले होते की आता जिवंत असे काही दिसायचे नाही. खडकाच्या भेगेत वाकून पाहिले तर हाताच्या अंतरावर एक पांढराशुभ्र पक्षी, काळे डोळे रोखून, अंड्यावर बसला होता. हा हिमपेट्रेल. अन्न मिळवायला त्याला शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या समुद्रापर्यंत उडत जावे लागते, आणि तरीही तो घरटे इथेच करतो, कारण घरट्याजोगा उघडा खडक फार थोड्या ठिकाणी आहे. आणखी जवळ जाऊ नये. तो पोटातले नारिंगी तेल पिचकारीसारखे अंगावर उडवतो आणि तो वास किती धुतले तरी कपड्यांतून जात नाही. हेच तेल घरट्याच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या साठून मेणासारखा थर तयार होतो. त्या थराच्या तळाचे वय कार्बन पद्धतीने काढता येते आणि ग्रुबर परिसरात ते तीस हजार वर्षांहून जास्त भरले आहे. म्हणजे शेवटचे हिमयुग ऐन भरात असतानाही या डोंगरांचे काही उतार उघडे होते आणि त्यांवर पक्षी नांदत होते, हे त्या पिचकारीमुळे सिद्ध झाले.

तिथेच उंटरसे नावाचे सरोवर आहे. त्याच्यावर बाराही महिने सुमारे तीन मीटर जाडीचा बर्फ असतो, पण खाली पाणी द्रव राहते आणि त्याची खोली दीडशे मीटरांहून अधिक आहे. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवाणूंनी बांधलेले शंकूच्या आकाराचे उंचवटे सापडले आहेत. पृथ्वीवर जीवसृष्टीची सुरुवात होत होती तेव्हा असल्या रचना सर्वत्र असत, म्हणून जीवशास्त्रज्ञांना या सरोवराचे भारी अप्रूप आहे.

काळा_पाषाण (सावंतवाडी)

मी भूविज्ञान क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त सह्याद्रीच्या नात्याविषयी लिहितो, कारण पालकांच्या गटात फिरणारा तो संदेश मलाही आला आहे आणि त्यात खऱ्याखोट्याची खिचडी झाली आहे.

खरे एवढेच की भारत, आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे सारे गोंडवन या महाखंडात एकत्र होते. पण त्या जुळणीत कोण कोणाच्या शेजारी होते, हे पाहिले की संदेशातला दावा टिकत नाही. क्वीन मॉड लँडचा शेजार होता आग्नेय आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या मोझांबिक परिसराचा, आणि श्रीलंका त्याच्या जवळपास होती. भारताचा जो किनारा अंटार्क्टिकाला लागून होता तो पूर्व किनारा. पूर्व घाटातल्या खडकांची भावंडे ‘मैत्री’जवळ शोधण्यापेक्षा तिथून बऱ्याच पूर्वेला, एंडरबी लँडपासून ‘भारती’ केंद्र असलेल्या लार्समन टेकड्यांच्या दिशेने, शोधावी लागतात. आपल्या कोकणाच्या बाजूला तेव्हा मादागास्कर आणि सेशेल्स होते. मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी आणि सेशेल्स सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्यापासून दूर झाले. तेव्हा ‘एकाच पर्वताचे दोन तुकडे’ हे विधान खोडून टाकावे.

खडकांचे वयही तेच सांगते. सह्याद्रीचा आपल्या बाजूचा बहुतांश भाग दख्खनच्या लाव्हाचा आहे आणि तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. वोल्टाट आणि ऑर्विन पर्वतांतले खडक मात्र ६५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, गोंडवनाचे तुकडे एकमेकांवर आदळून जुळत असताना, जमिनीखाली खोलवर तापून घडले किंवा तिथे नव्याने शिजले. चार्नोकाइट आणि नाइस हे त्यांतले मुख्य. ग्रुबर भागात अॅनॉर्थोसाइट नावाच्या, जवळपास पूर्णपणे फेल्डस्पार या खनिजाच्या बनलेल्या खडकाचा प्रचंड मोठा गोळा आहे आणि त्याचे वय ६० कोटी वर्षांच्या आसपास आहे. दक्षिण भारतात चार्नोकाइट भरपूर आहे, त्यामुळे आपल्या भूवैज्ञानिकांना तिथे गेल्यावर खडक अगदीच परका वाटला नसावा. पण ते नाते कोकणाच्या कातळाशी नाही.

आता तुमच्या तुलनेकडे वळतो, कारण ती माझ्या मते फेकून देण्यासारखी नाही. फक्त तिचा अर्थ बदलून घ्यावा लागेल. हे डोंगर सह्याद्रीचे सख्खे नसले तरी दोघांची घडण एका रीतीची आहे. महाखंड फाटताना फाटीच्या कडेची जमीन उचलली जाते, नवा समुद्र तयार होतो आणि त्या समुद्राकडे तोंड करून एक लांब कडा शिल्लक राहतो. पुढची कोट्यवधी वर्षे तो कडा झिजत झिजत आत सरकतो. सह्याद्रीचा कोकणाकडचा कडा असाच आहे आणि क्वीन मॉड लँडच्या पश्चिम भागातला किर्वानवेगेनचा कडाही असाच आहे. गंमत म्हणजे किर्वानवेगेनच्या काही भागांत आणि त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत आपल्यासारखाच थरांवर थर रचलेला बेसाल्टही आहे, पण तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कारू लाव्हाच्या कुळातला. तिकडे आफ्रिकेपासून अंटार्क्टिका फाटताना जे घडले, तशाच तऱ्हेचे काही आपल्याकडे दहा-अकरा कोटी वर्षांनंतर घडले.

फरक पडला तो पुढच्या झिजेत. सह्याद्रीवर दर पावसाळ्यात धो धो पाणी पडते, खडक कुजतो, त्याचा जांभा होतो, नद्या दऱ्या खोदत राहतात. अंटार्क्टिकावर सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी कायमचा मोठा हिमस्तर पसरू लागला. त्याआधी तिथेही नद्या होत्या आणि त्यांनी खोदलेल्या दऱ्याच पुढे हिमनद्यांनी वापरल्या, रुंद केल्या आणि खोल केल्या. उंच माथ्यांवर मात्र बर्फ तळाशी खडकाला गोठून चिकटलेला असतो. तो घासत नाही, उलट झाकून जपतो. म्हणून त्या रांगेत काही ठिकाणी अत्यंत खोल दरी आणि तिच्या शेजारीच फारसा न झिजलेला जुना माथा, असे दृश्य दिसते.

जुनी_पाने (अलिबाग)

शोधाच्या इतिहासाविषयी मी लिहितो. यात एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, की ही रांग आधी विमानातून दिसली आणि माणसाचा पाय तिला नंतर लागला. नावांचा घोळ बराचसा त्यातूनच आला आहे.

या बाजूचा बर्फाचा किनारा रशियाच्या बेलिंग्सहाउझेनने जानेवारी १८२० मध्ये पाहिला, पण पुढची शंभर वर्षे आत काय आहे याची कोणाला कल्पना नव्हती आणि फारशी गरजही नव्हती. गरज निर्माण केली व्हेल माशांच्या तेलाने. नॉर्वेचे व्हेलव्यापारी लार्स क्रिस्टेनसेन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या खर्चाने मोहिमा पाठवल्या. त्यांतल्या एकीत यालमार रीसर-लार्सेन यांनी १९३० च्या सुमारास विमानातून किनारा रेखाटला, आणि १९३७ मध्ये क्रिस्टेनसेन यांच्याच मोहिमेला सोर रोन्डाने पर्वत हवेतून दिसला. जर्मनी मोहीम पाठवत आहे याचा सुगावा लागल्यावर नॉर्वेने घाई केली आणि १४ जानेवारी १९३९ रोजी या साऱ्या प्रदेशावर हक्क जाहीर केला.

त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी जर्मन जहाज ‘श्वाबेनलँड’ तिथे पोहोचले. कॅप्टन आल्फ्रेड रिट्शर यांच्या या मोहिमेचा हेतू व्हेलतेलासाठी हक्काचा प्रदेश मिळवणे हा होता, कारण लोण्याऐवजी खाल्ल्या जाणाऱ्या मार्गारिनसाठी लागणारी चरबी जर्मनीला परकीय चलन देऊन घ्यावी लागे. जहाजावर ‘बोरेआस’ आणि ‘पासात’ नावाची दोन डॉर्निअर विमाने होती. ती जहाजावरच्या कॅटापुल्टने, म्हणजे गलोलीसारख्या यंत्राने, हवेत फेकली जात आणि परत येताना पाण्यावर उतरत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोहीम परतलीसुद्धा. पण तेवढ्या काळात अकरा हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली गेली, हक्काची खूण म्हणून स्वस्तिकाची मुद्रा असलेले अॅल्युमिनियमचे भाले वरून टाकले गेले आणि दिसेल त्या डोंगराला नाव दिले गेले. वोल्टाट हे मोहिमेमागच्या एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव; शिरमाखर हे एका वैमानिकाचे; हम्बोल्ट आणि पेटरमन ही जुन्या भूगोलतज्ज्ञांची.

या मोहिमेवरून ‘हिटलरचा बर्फाखालचा गुप्त तळ’ वगैरे जे व्हिडिओ मुले पाहतात, त्यांना उत्तर म्हणून एवढे पुरे, की ही माणसे किनाऱ्याजवळ थोडा वेळ उतरली असतील-नसतील, पर्वतापर्यंत त्यांच्यातला एकही जण चालत गेला नाही. आणि याच कारणाने त्यांचे नकाशेही कच्चे राहिले. हवाई छायाचित्रावरून नकाशा करायचा तर जमिनीवरच्या काही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नेमके ठाऊक असावे लागतात. तसे एकही ठिकाण मोजलेले नसल्याने छायाचित्रांत स्पष्ट दिसणारे शिखर कागदावर भलत्याच जागी पडले. माझ्या मते या मोहिमेला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढे श्रेय तिचे नाही.

खरे काम युद्धानंतर झाले. १९४९ ते १९५२ या काळात नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांची संयुक्त मोहीम किनाऱ्यावरच्या मॉडहाइम या तळावर राहिली. वेगवेगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर एकत्र राहून काम केल्याचे हे पहिले उदाहरण होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये धुक्यात त्यांचे एक बर्फावर चालणारे वाहन कडेवरून थेट समुद्रात गेले आणि तिघे बुडाले. चौथा पोहत एका हिमतुकड्यावर चढला म्हणून वाचला. याच मोहिमेतल्या गॉर्डन रॉबिन यांनी पठारावर जात जात बर्फात लहान स्फोट घडवले आणि तळावरून परतणाऱ्या लहरींचा वेळ मोजून बर्फाची जाडी काढली. ती काही ठिकाणी दोन किलोमीटरांहून जास्त भरली आणि वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली शिखरे व खोल दऱ्या आहेत हे उघड झाले. पुढे १९५६ ते १९६० च्या नॉर्वेजियन मोहिमेने जमिनीवर मोजणी करून आणि नव्याने छायाचित्रे घेऊन विश्वासार्ह नकाशे केले. सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये शिरमाखर येथे नोवोलाझारेवस्काया केंद्र उभारले आणि त्यांच्या भूवैज्ञानिकांनी या डोंगरांचे खडक पहिल्यांदा सविस्तर अभ्यासले. (याच केंद्रावर एप्रिल १९६१ मध्ये डॉक्टर रोगोझोव यांनी स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच कापून काढले. केंद्रावर दुसरा डॉक्टर नव्हता.)

सडा_आणि_शाळा (रत्नागिरी)

आपणा तिघांचीही मनापासून आभारी आहे. तुकड्यांचा दावा वर्गात खोडून काढीन. कड्याच्या घडणीचे साम्य मात्र सांगीन, कारण मुलांना कडा रोज समोर दिसतो. दोन गोष्टी अजून राहिल्या. आपल्या मोहिमा गोव्याहून निघाल्या हे ठाऊक आहे, पण आपल्या लोकांनी या पर्वतात नेमके काय केले? आणि आता उपग्रह आल्यावर तिथे शोधण्यासारखे काही उरले आहे का?

गलबत (वास्को)

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे नेते होते, सदस्य २१ होते आणि जहाज ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी बर्फावर उतरली. १९८३-८४ च्या हंगामात ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र बांधले, पण ते तरंगत्या बर्फावर होते आणि काही वर्षांत हिमाखाली दबत गेले. म्हणून १९८८-८९ मध्ये ‘मैत्री’ शिरमाखरच्या पक्क्या खडकावर उभी केली. आज मोहिमांची आखणी वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होते, मात्र माणसे बहुधा केप टाउनहून विमानाने जातात आणि ‘नोवो’ म्हणजे नोवोलाझारेवस्काया केंद्राजवळच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतात.

पर्वतातले आपले मुख्य काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. शिरमाखर, वोल्टाट, हम्बोल्ट आणि ऑर्विन या भागांचे भूशास्त्रीय नकाशे आपल्या लोकांनी हंगामामागून हंगाम, तंबूत राहून आणि पायी फिरून पूर्ण केले. याला विमानातून नाव टाकण्याची झळाळी नाही. हिमभेगांवर हिमाचा पातळ पूल धरलेला असतो, तो वरून ओळखू येत नाही. म्हणून दोराने एकमेकांना बांधून, पुढे काठी ठोकत चालावे लागते. हातोड्याने फोडलेल्या नमुन्यावर क्रमांक लिहायला हातमोजा काढला की काही मिनिटांत बोटे जुमानेनाशी होतात. याशिवाय ‘मैत्री’जवळच्या ‘दक्षिण गंगोत्री’ हिमनदीचे तोंड किती मागे हटते आहे याची मोजणीही आपले लोक अनेक वर्षे नियमाने करत आले आहेत.

विजयदुर्गकर

उशिरा येतो आहे. ‘जुनी_पाने’ यांच्या लेखनाशी मी सहमत आहे, पण जर्मन मोहिमेला त्यांनी जरा जास्तच झोडपले असे वाटते. नकाशे कच्चे होते हे मान्य. तरी शिरमाखरचा उघडा खडक आणि तिथली तळी त्या विमानांतूनच पहिल्यांदा दिसली, आणि पुढे रशियन व भारतीय केंद्रे तिथेच झाली. हेतू वाईट होता म्हणून निरीक्षण वाया जात नाही.

शोधण्यासारखे काय उरले, याचे उत्तर बर्फात आणि बर्फाखाली असे दोन्हीकडे आहे. ‘गलबत’ यांनी सांगितलेल्या निळ्या बर्फाचाच एक परिणाम पाहा. शेकडो किलोमीटर परिसरात पडलेल्या उल्का हिमात गाडल्या जातात आणि बर्फाबरोबर वाहत येतात. डोंगराला अडून बर्फ थबकला आणि वाऱ्याने वरून उडत गेला, की उल्का तिथेच पृष्ठभागावर जमा होतात. १९६९ मध्ये जपानी मोहिमेला याच रांगेच्या पूर्व टोकाकडच्या यामातो पर्वताजवळ एकाच परिसरात नऊ उल्का मिळाल्या आणि त्या एकाच उल्केचे तुकडे नसून वेगवेगळ्या जातीच्या निघाल्या, तेव्हा हे गणित शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. २०१३ मध्ये सोर रोन्डानेच्या दक्षिणेला बेल्जियम आणि जपान यांच्या पथकाला अठरा किलोची उल्का मिळाली. उपग्रहाचे चित्र फार तर शोधायची जागा सुचवते. दगड उचलायला माणूसच जावा लागतो.

बर्फाखालचे सांगायचे तर, खंडाच्या मध्यावर गंबुर्त्सेव्ह नावाची अख्खी पर्वतरांग आहे, सुमारे बाराशे किलोमीटर लांब, आणि तिचे एकही शिखर कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. १९५८ मध्ये सोव्हिएत मोहिमेला लहरींच्या मोजणीतून ती सापडली, आणि २००८-०९ मध्ये सात देशांनी विमानांतून रडार फिरवून तिचा आराखडा काढला. तिच्या तुलनेत आपली वोल्टाट म्हणजे उजेडातली रांग. पण तिच्याही खालच्या दऱ्यांचे चित्र अजून रडारच्या उड्डाणांच्या रेषांवरच अवलंबून आहे, आणि दोन रेषांच्या मधला भाग अंदाजाने भरलेला असतो.

ताईंना एक व्यावहारिक सूचना. वर्गात शिखरांची उंची सांगाल तेव्हा ती कुठून मोजली आहे, हे जरूर सांगा. ऑर्विन पर्वतातले उल्वेटाना हे शिखर २,९३१ मीटर उंच आहे आणि १९९४ मध्ये इव्हार टॉलेफसेन यांच्या नॉर्वेजियन पथकाने ते पहिल्यांदा सर केले. पण गिर्यारोहकांसमोर बर्फाच्या वर उभी असते ती त्यातली साधारण हजारभर मीटरची भिंत. उरलेला आकडा समुद्रसपाटीपासून बर्फाच्या पृष्ठभागापर्यंतचा आहे. कळसूबाईच्या १,६४६ मीटरशी तुलना करायला मुलांना सांगितलेत, तर हा फरक आधी फळ्यावर काढून दाखवावा लागेल.